हिंगुळी सिंहासन

ज्याच्या अंगावर कधी बिबा उतला आहे, त्याला या गोष्टीची सुरुवात वेगळी समजावून सांगायला नको. बिब्ब्याचं तेल कातडीला लागलं की आग, सूज, फोड आणि नंतर कित्येक दिवस खाज. कोकणात काजूच्या बिया फोडणाऱ्या बायका हाताला राख चोळून बसतात, ती याच धास्तीनं. बिबा, काजू आणि आंबा ज्या कुळातले, त्याच कुळातलं एक झाड चीनच्या डोंगराळ भागात वाढतं. चिनी भाषेत त्याचं नाव ‘छी’. नाव आपल्या कानाला कसंही लागो, त्या देशाच्या राजदरबाराचं वैभव या झाडाच्या चिकावर उभं होतं. खोडाला चिरा पाडल्या की दुधट चीक पाझरतो. हवा लागली की तपकिरी होतो, मग काळपट. एका झाडाचा वर्षभराचा चीक ग्रॅमांतच मोजावा लागतो. ओला असताना तो बिब्ब्याचा सख्खा भाऊ शोभतो, पण एकदा वाळला की त्याला पाण्याची फिकीर नाही, आम्लाची नाही, किडीचीही नाही.

युरोपियनांनी या रोगणाला जे नाव दिलं त्याचं मूळ आपल्या ‘लाखे’त आहे, पोर्तुगीजांच्या तोंडून ते तिकडे गेलं. वस्तू मात्र दोन. सावंतवाडीच्या खेळण्यांवर चढते ती लाख किड्यांनी केलेली, आणि हा झाडाचा चीक. घोटाळा नको म्हणून इथे रोगणच म्हणू.

या रोगणाची एक खोड आहे. पापड, सांडगे, भिंतीचा रंग, आपण जे जे वाळवतो त्याला ऊन लागतं. हे ओलीत वाळतं. चिकातल्या विकराला काम करायला दमट हवा हवी असते, म्हणून कारखान्यात एक बंद, उबदार, ओलसर खोली ठेवलेली असे. आषाढातली कोंदट हवा बारा महिने डांबून ठेवावी तशी. वस्तूला रोगणाचा पातळ हात द्यायचा, त्या खोलीत ठेवायची, वाळली की घासायची, की पुन्हा दुसरा हात. घाई करून जाड थर दिला तर वरवर साय धरते आणि आत चीक ओलाच राहतो. त्यामुळे प्रत्येक थर केसाहून पातळ. असे शंभर थर चढले तरी जाडी भरते साधारण चार मिलीमीटर. उत्तम कामाला शंभरावर, कधी दोनशेपर्यंत थर लागत, आणि दिवसाला एकाहून जास्त थर काही होत नसे. म्हणजे कोरता येईल एवढी नुसती जाडी तयार व्हायलाच अर्धं वर्ष गेलं.

लाल रंग यायचा हिंगुळाचा. आपल्याकडच्या जुन्या पोथ्यांतल्या तांबड्या रेघा ज्या खनिजाच्या, तोच हा पारा आणि गंधक यांचा हिंगूळ. घोटून, पाण्यात निवळून, चिकात कालवलेला. थर पुरेसे झाले की वस्तू कोरणाऱ्याच्या पुढ्यात येई. रोगण पुरतं कडक व्हायच्या आत, चिवट असतानाच, हत्यार चालवावं लागे. एखाद्या देखाव्यात आकाश, पाणी आणि जमीन यांची पार्श्वभूमी तीन वेगवेगळ्या बारीक नक्ष्यांनी भरलेली असते: आकाशाला आडव्या तुटक रेघा, पाण्याला लाटा, जमिनीला चौकटीतली फुलं. नखाएवढ्या जागेत ही फुलं मोजायला गेलं तर डोळे दुखतात. हत्यार घसरलं तर खाडाखोड नाही. चूक झाकायला पुन्हा थर द्यायचे म्हणजे पुन्हा महिने.

दरबाराला या वस्तूचं वेड का लागलं, याचं उत्तर मला या हिशेबात दिसतं. सोनं लुटून आणता येतं, रत्न दुसऱ्याच्या मुकुटातून काढून आपल्या मुकुटात बसवता येतं. चार मिलीमीटर लाल रोगणात मात्र फक्त माणसांचे दिवस साठवलेले असतात, आणि दुसऱ्यांचे एवढे दिवस एका मेजावर खर्च करण्याची ऐपत ज्याच्याकडे आहे तो सम्राट.

१४०२ साली मिंग घराण्यात एका काकानं पुतण्याला हटवून गादी घेतली. काका-पुतण्याची ही गोष्ट मराठी वाचकाला परकी वाटू नये. या काकाचं राजनाम योंगले. बळकावलेल्या गादीला मान्यता लागते, आणि बाहेरच्या राजानं भेट स्वीकारली की ती मान्यता मिळाल्यासारखी दिसते. दुसऱ्याच वर्षी, १४०३ मध्ये, जपानचा सत्ताधीश आशिकागा योशिमित्सु याच्याकडे पाठवलेल्या नजराण्यात कोरीव लाल रोगणाच्या ५८ वस्तू होत्या. १४०६ आणि १४०७ सालीही अशा वस्तू गेल्या. तिन्ही खेपांचा आकडा दोनशेच्या वर जातो. समुद्रापलीकडे जायच्या म्हणून त्या ताटं, डबे अशा लहानच होत्या. योशिमित्सुनं ‘जपानचा राजा’ ही मिंग दरबारानं दिलेली पदवी घेतली. लाल डब्यांनी आपलं काम केलं.

योंगलेनं राजधानी बीजिंगला आणली. तिथे राजवाड्यालगत दरबाराचा रोगणाचा कारखाना उभा राहिला. नंतरचे मिंग लेखक त्याला ‘फळबागेचा कारखाना’ म्हणतात. कारागीर दक्षिणेतले. च्याशिंगजवळच्या शीथांग गावात झांग छंग आणि यांग माओ हे दोन नामांकित रोगणकार आधीच्या युआन काळात होऊन गेले होते. झांग छंगचा मुलगा झांग दगांग याला दरबारानं बोलावून घेतलं आणि कारखान्यावर नेमलं. या कारखान्यातून डबे आणि ताटं पुष्कळ बाहेर पडली. लाकडी सामान फार थोडं झालं असावं, आणि उरलं तर त्याहूनही थोडं.

उरलेल्यांपैकी सर्वांत मोलाचं एक मेज आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. शुआनदे सम्राटाच्या, म्हणजे १४२६ ते १४३५ या काळातलं. रुंदी सुमारे १२० सेंटिमीटर, उंची सुमारे ७९, आणि पुढे तीन खण. पाय, खणांच्या चौकटी, कडा, सगळं लाल रोगणानं मढवून कोरलेलं. वरच्या फळीवर ड्रॅगन आणि फिनिक्स, म्हणजे सम्राट आणि सम्राज्ञी. जवळ जाऊन ड्रॅगनच्या पंजांकडे पाहिलं की काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. सम्राटाच्या ड्रॅगनला पाच नखं असतात. इथे प्रत्येक पंजातलं पाचवं नख नंतर कुणीतरी खरवडून काढलेलं आहे. मेज राजवाड्याबाहेर कुणाकडे तरी गेलं असावं आणि ज्याच्याकडे गेलं त्याला पाच नखं ठेवण्याचा अधिकार नसावा. वस्तू घरात ठेवायची तर तिचा दर्जा पटाशीनं उतरवायचा. आपल्याकडे पालखी, अबदागिरी, मोर्चेल कुणाला किती याचे दंडक होते. तिथे नखांचे होते.

याच शुआनदेच्या काळाबद्दल पुढच्या लेखकांनी एक किस्सा नोंदवून ठेवला आहे. कारखान्याचा माल योंगलेच्या मालाइतका उतरेना. देखरेखीवरच्या अधिकाऱ्यांना शिक्षा होऊ लागल्या. मग त्यांनी गुपचूप योंगले काळातल्याच जुन्या वस्तू मिळवल्या, तळाशी सुईनं कोरलेली बारीक योंगले मुद्रा बुजवली आणि तिच्या जागी चाकूनं ठसठशीत शुआनदे मुद्रा कोरून तिच्यात सोनं भरलं. किस्सा रंगवलेला असेलही, पण सोनेरी मुद्रेखाली जुनी सुईची रेघ दिसणाऱ्या वस्तू संग्रहालयांत आहेत. सरकारी कारखान्यातलं काम कसं चालतं, हे सहाशे वर्षांपूर्वीचं असूनही फारसं अनोळखी वाटत नाही.

मिंग काळाच्या उत्तरार्धात हुआंग छंग नावाच्या एका रोगणकारानं आपल्या धंद्याचं पुस्तक लिहिलं, ‘शिऊ शी लू’. हत्यारं, रंग, दोष, कोरण्याचे प्रकार, सगळं त्यात आहे. १६२५ साली यांग मिंग या दुसऱ्या रोगणकारानं त्यावर टीपा लिहिल्या. चीनमधून पुढे हे पुस्तक नाहीसंच झालं. त्याची हस्तलिखित प्रत जपानमध्ये राहिली, आणि ते चीनमध्ये छापून निघालं थेट १९२७ मध्ये. दरबारानं वस्तू जपल्या, पण त्या कशा करायच्या हे जपलं नाही.

आता मिंगांनंतरच्या छिंग घराण्यातल्या छिएनलोंग सम्राटाकडे थेट येऊ, कारण कोरीव रोगणाचं लाकडी सामान त्याच्याच काळात डब्यांच्या आणि ताटांच्या पंक्तीतून उठून राजवाड्यातल्या मानाच्या जागेवर बसलं. हा माणूस १७३५ मध्ये गादीवर आला तेव्हा पुण्यात थोरला बाजीराव होता. १७९६ च्या आरंभी त्यानं गादी सोडली तेव्हा सवाई माधवराव जाऊन काही महिने झाले होते. साठ वर्षांत पेशव्यांच्या चार पिढ्या होऊन गेल्या, आणि हा एकटा बसून होता. आजोबा खांगशी एकसष्ट वर्षं गादीवर होते. त्यांच्याहून जास्त बसणं बरं नव्हे म्हणून आपण उठलो, असं तो म्हणे. सत्ता मात्र मरेपर्यंत सोडली नाही.

त्याला वस्तूंचा हव्यास होता आणि लाल कोरीव रोगणाचा तर विशेष. बीजिंगच्या राजवाड्यातून नमुने आणि नकाशे दक्षिणेत सूचौला जात, तिथे काम होई आणि तयार वस्तू कालव्यानं उत्तरेला येत. आता डब्यांबरोबर पडदे, मेजं, धूपदाण्यांचे चौरंग आणि सिंहासनं होऊ लागली. लालाखाली हिरवा, पिवळा, तपकिरी असे वेगवेगळ्या रंगांचे थर ठरावीक जाडीवर द्यायचे. मग कोरणारा जितका खोल जाईल तसा रंग बदलतो. पानाला हिरव्यापर्यंत उतरायचं, मातीला पिवळ्यापर्यंत. अर्ध्या मिलीमीटरचा अंदाज चुकला तर पान पिवळं पडलं.

हे सामान वापरायचं कसं? सिंहासन एकटं कधीच नसे. मागे तीन किंवा पाच पाखांचा पडदा, पुढे पाय ठेवायला चौरंग, दोन्ही बाजूंना मोरपिसांचे किंवा पिसांसारखे रंगवलेले पंखे, धूपदाण्या, आणि सगळ्यांचं तोंड दक्षिणेला. सम्राट दक्षिणेकडे पाहतो, जग उत्तरेकडे पाहून वाकतं. वर्षात तीन मोठे दरबार: नवीन वर्षाचा पहिला दिवस, दक्षिणायन संपतं तो दिवस, आणि सम्राटाचा वाढदिवस. तेव्हा तीनदा गुडघे टेकायचे, दर वेळी तीनदा कपाळ जमिनीला लावायचं, एकूण नऊ. नऊ हा सम्राटाचा आकडा. मोठ्या वाढदिवसांना भेटीही नऊ-नऊच्या संचांत येत. १७५१ मध्ये छिएनलोंगच्या आईची साठी झाली आणि ज्या वर्षाच्या सुरुवातीला पानिपत झालं त्या १७६१ मध्ये सत्तरी, तेव्हा अशा भेटींचे ढीग लागले.

पण बहुतेक सिंहासनांवर बहुतेक दिवस कुणी बसलेलं नसे. सम्राट जिथे पाऊल टाकण्याची शक्यता होती अशा प्रत्येक दालनात एक आसन तयार असे. एकटा माणूस एवढ्या आसनांवर बसणार तरी कधी? आसन रिकामं असलं तरी त्याला मान तोच. पादुका सिंहासनावर ठेवून चौदा वर्षं राज्य पाहणारा भरत ज्यांच्या ओळखीचा आहे, आणि साताऱ्याच्या गादीकडून पेशवाईची वस्त्रं घेण्याची रीत ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यात नवल वाटू नये. दूरच्या प्रांतांतले अधिकारी सणाच्या दिवशी सम्राटाच्या नावाच्या पाटीपुढे नऊ वेळा कपाळ टेकत.

इंग्रजांना हे पचलं नाही. १८१६ साली लॉर्ड अ‍ॅम्हर्स्ट वकील म्हणून तिएन्‌चिनला उतरला. मेजवानीच्या आधी त्याच्यापुढे पिवळं रेशीम घातलेलं एक मेज ठेवलं: हे सम्राटाच्या जागी, याला साष्टांग नमस्कार घाला. साहेबांनी गुडघे टेकायचं नाकारलं, नऊ वेळा कमरेत वाकले आणि वेळ निभावली. पुढे राजवाड्यापर्यंत जाऊनही भेट न होता त्यांना परत पाठवण्यात आलं. हेच गृहस्थ १८२३ पासून पाच वर्षं कलकत्त्याला गव्हर्नर जनरल होते आणि तिथे आपल्यापुढे कुणी किती वाकायचं याचे नियम त्यांना अजिबात खटकले नाहीत.

बीजिंगच्या दक्षिणेला नान्युआन नावाचं सम्राटाचं शिकारीचं रान होतं. भोवती कोट, आत तळी, गवताळ माळ आणि हरणं. तिथे छिएनलोंगनं १७७० च्या दशकात थुआन-ह नावाचा मुक्कामाचा वाडा बांधला आणि त्याच सुमाराला तिथलं हिंगुळी सिंहासन तयार झालं. सुमारे सव्वा मीटर रुंद आणि जवळपास तितकंच उंच. आसन ऐसपैस, मांडी घालून बसावं असं. ड्रॅगन आहेतच, पण नजर ठरते ती पाठीवरच्या हत्तीवर. हत्तीच्या पाठीवर फुलदाणी आहे आणि भोवती नजराणे घेऊन आलेले परदेशी लोक. हा चिनी श्लेष आहे. ‘हत्ती’ आणि ‘लक्षण’ यांना चिनीत एकच शब्द, आणि ‘फुलदाणी’ आणि ‘शांतता’ यांचा उच्चार सारखा. म्हणजे हत्तीवर फुलदाणी ठेवली की अर्थ निघतो: सर्वत्र शांतता नांदण्याची लक्षणं आहेत. सम्राटाच्या पाठीला शांतता टेकलेली, आणि परदेशी हात जोडून उभे.

१८६० च्या ऑक्टोबरमध्ये परदेशी आले ते तोफा घेऊन. बीजिंगच्या वायव्येला असलेला युआनमिंगयुआन हा उन्हाळी राजवाडा आधी इंग्रज-फ्रेंच फौजांनी लुटला, मग लॉर्ड एल्गिननं तो जाळण्याचा हुकूम दिला. हा एल्गिन दोन वर्षांत हिंदुस्थानचा व्हाइसरॉय झाला आणि १८६३ मध्ये धर्मशाळेत वारला. लुटीतला एक लहानसा कुत्रा व्हिक्टोरिया राणीला भेट गेला. त्याचं नाव ठेवलं ‘लूटी’. शब्द आपला, कुत्रा चिनी, विनोद इंग्रजी. फ्रेंच वाट्यातल्या वस्तूंसाठी सम्राज्ञी युजेनीनं फाँतेनब्लोला दालन सजवलं. त्याच साली सूचौ थायपिंग बंडखोरांच्या हाती पडलं. धंदा आधीच उतरणीला लागला होता. आता कारागीरही पांगले. मागणी करणारा दरबार आणि पुरवणारं शहर, दोघांवर एकाच वर्षी घाला आला.

नान्युआनचं सिंहासन त्या खेपेला वाचलं. १९०० मध्ये परकीयांविरुद्ध उठलेल्या बॉक्सर बंडाच्या निमित्तानं आठ देशांच्या फौजा बीजिंगवर चालून आल्या. १४ ऑगस्टला त्या शहरात घुसल्या आणि दुसऱ्या दिवशी पहाटे राजमाता त्सु-शी वेष पालटून पळाली. इंग्रजांच्या तुकडीत बहुसंख्य शिपाई हिंदुस्थानी होते. त्यांतल्या सातव्या राजपूत पलटणीचे ठाकूर गदाधर सिंह यांनी ‘चीन में तेरह मास’ हे हिंदी पुस्तक लिहिलं. ते १९०२ मध्ये निघालं. लुटीबद्दल आणि चिनी रयतेच्या हालांबद्दल त्यांनी कळवळ्यानं लिहिलं आहे. चीनबद्दलची सहानुभूती बाळगून साहेबाच्या पगारावर तिथे उभं राहणाऱ्या माणसाचं ते पुस्तक आहे. इंग्रजांच्या वकिलातीत लुटीच्या मालाचे रीतसर लिलाव होत. शिस्त म्हणजे शिस्त.

या धामधुमीत सिंहासन नान्युआनमधून बाहेर पडलं. पुढे ते मिखाईल गिर्स याच्याकडे दिसतं. १९०० मध्ये हा रशियाचा वकील म्हणून बीजिंगमध्येच होता, बंडात वकिलातींना पडलेल्या वेढ्यात अडकलेल्यांपैकी एक. सतरा वर्षांनी त्याच्याच देशात क्रांती झाली आणि झारचा हा वकील परागंदा झाला. सिंहासन लंडनच्या स्पिंक या व्यापाऱ्यांकडे विकायला आलं, जॉर्ज स्विफ्ट यांनी ते विकत घेऊन १९२२ साली संग्रहालयाला दिलं. पळणाऱ्या चिनी राजघराण्याचं आसन पळून आलेल्या रशियनानं विकलं, आणि ते गेलं ज्या संग्रहालयाला व्हिक्टोरियाचं नाव आहे तिथे.

त्याच १९२२ च्या १ डिसेंबरला बीजिंगच्या राजवाड्यात शेवटचा छिंग सम्राट पु-यी याचं लग्न लागलं. दहा वर्षांपूर्वीच त्याची सत्ता गेली होती, बाहेर प्रजासत्ताक होतं, आत मात्र नवरीची पालखी जुन्या थाटात अर्ध्या रात्री आली. नवरा-नवरीसाठी सजवलं ते खुन्निंग महालातलं लग्नाचं दालन, छिंग सम्राटांच्या लग्नांचं. भिंती लाल, पडदे लाल, शेज लाल. सोळा वर्षांच्या नवऱ्यानं त्या लाल अंधारात एक नजर टाकली आणि रात्र आपल्या नेहमीच्या महालात काढली, असं त्यानंच पुढे आत्मचरित्रात सांगितलं आहे.

कोरीव रोगणाचा धंदा मात्र मोडक्या वस्तूंनी पुन्हा उभा केला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बीजिंगमधल्या दुरुस्ती करणाऱ्यांकडे राजवाड्यातले तडकलेले जुने नमुने येऊ लागले आणि तुटलेल्या कडेवरचे थर मोजत मोजत ते काम शिकले. शिकवणारं कुणी उरलं नव्हतं. वांग शिश्यांग या अभ्यासकानं १९४९ नंतर जुन्या रोगणकारांकडे बसून हुआंग छंगच्या पुस्तकातला शब्द न् शब्द उलगडला. ते भाष्य १९८३ मध्ये प्रसिद्ध झालं. २००६ साली बीजिंगच्या कोरीव रोगणाचं नाव चीनच्या राष्ट्रीय वारशाच्या यादीत आलं. आता तिथे डबे होतात, फुलदाण्या होतात. सिंहासनाचं गिऱ्हाईक राहिलेलं नाही.

नान्युआनच्या रानात सिंहासनाबरोबर आणखी एक गोष्ट होती, ती हरणं. चिनी लोक त्यांना ‘चौघांसारखं नसलेलं’ म्हणतात: शिंगं हरणाची, खूर गाईचे, शेपटी गाढवाची, मान उंटाची, आणि पूर्ण यांपैकी कुणीच नाही. आर्मां दाविद या फ्रेंच पाद्र्यानं १८६५ मध्ये कोटाच्या भिंतीवरून त्यांना पाहिलं आणि युरोपाला कळवलं. काही जनावरं तिकडे गेली. जंगलात ती कधीच संपली होती. या कोटातला कळप तेवढा चीनमध्ये उरला होता. १८९० च्या दशकातल्या पुरानं कोट फुटला, हरणं बाहेर पडली आणि उपाशी लोकांनी मारली. राहिलेली १९०० मध्ये फौजांनी खाल्ली. इंग्लंडमध्ये बेडफर्डच्या ड्यूकनं आपल्या वोबर्नच्या बागेत युरोपभरची उरलीसुरली गोळा करून वाढवली, आणि १९८५ साली त्यांच्या वंशातला एक कळप विमानानं बीजिंगला आणून नान्युआनच्याच जुन्या रानात सोडला. तिथल्या तळ्यांत ती आज चरताना दिसतात. थुआन-ह वाड्याचे अवशेष तिथून फार लांब नाहीत. सिंहासन लंडनमध्ये आहे.